कौशल्य आहे हो, पण खिसा कोणाचा?

दिवाळीत बहिणीकडे हैदराबादला, दिलसुखनगरला गेलो होतो. कोचिंग क्लासच्या पाट्यांनी भरलेला भाग. माझा भाचा तिथेच बँकेच्या परीक्षांची तयारी करतो (असे त्याची आई समजते). रात्री काबुली चणे वाटून पोकर मांडला आणि मला म्हणाला, "मामा, हा जुगार नव्हे, कौशल्य आहे. मी यावरच पोट भरणार."

माझी जुनी जखम उघडी पडली. गोव्यात बंदी येण्यापूर्वी एकदा मीही मांडवीतल्या एका बोटीवर बसलो होतो. हातात बदामाची दश्शी आणि नव्वी. टेबलावर बदामाची अठ्ठी, बदामाची दुर्री आणि किलवरचा गुलाम. मी घाबरत घाबरत समोरच्याएवढेच पैसे टाकत राहिलो. काहीच लागले नाही. अर्धा पगार मांडवीत.

भाच्याने चण्यांवर हिशेब मांडला. नऊ बदाम बाकी. शिवाय बदाम नसलेल्या तीन राण्या आणि तीन सत्त्या. म्हणजे पंधरा पाने कामाची. दोन पाने यायची असताना जमण्याची शक्यता ५४ टक्के. चौथे पान वाया गेले की ती ३३ वर घसरते. म्हणून रक्कम वाढवायची ती तेव्हाच! समोरचा घाबरून पाने टाकील किंवा आपले पान लागेल, जिंकायच्या दोन वाटा. मात्र समोर पाने कधीच न टाकणारा हौशी बसला असेल, तर पहिली वाट बंद. चेहरे वाचायचे ते यासाठी.

पोरगा बरोबर आहे, मी चूक खेळलो. आणि पोकरला 'निव्वळ नशीब' म्हणणारे आपले संस्कृतिरक्षकही चूक. हैदराबादशेजारच्या सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. फरक आहेच.

पण म्हणून काय? ५४ टक्के म्हणजे शंभरातून ४६ वेळा हरणे. हे ज्याला शंभर वेळा सोसता येते त्याच्यासाठी ते गणित. माझ्यासारख्या कारकुनासाठी एकदाच येणारी संधी. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, त्यांत असा हात कितीदा येणार? शिवाय घरमालक प्रत्येक डावातून आपला वाटा कापतो. त्याला ना कौशल्य लागते, ना नशीब.

जत्रेतल्या जुगाराच्या पटावर नाक मुरडणारे आपले सुशिक्षित लोक याच खेळाला 'बुद्धीचा' म्हणतात, तेव्हा मला हसू येते. पटावर बसणारा निदान मी गणिती आहे असे सांगत नाही! आणि सरकार? १९९६ साली बोटींवरच्या टेबलांना कायद्याने वाट करून दिली, २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना आत जायची बंदी केली. विष वाईट, पण पाहुण्याला चालते!

भाचा तेवीस वर्षांचा, आधारवर पत्ता हैदराबादचा. मला बंद असलेले दार त्याला उघडे आहे. पुढच्या महिन्यात तो पणजीला येतोय. "मामा, जेटीपर्यंत सोडशील ना?" असा मेसेज आलाय. त्याच्या आईला अजून काही माहीत नाही, आणि मी अजून उत्तर दिलेले नाही.