हे घेऊ की ते?

परवा रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. एरवी त्याचा फोन म्हणजे "मामा, हॅपी बर्थडे" किंवा "आई म्हणत्ये तिला फोन कर", यापलीकडे जात नाही. यावेळी मात्र गाडी वेगळ्याच रुळावर होती.

"मामा, एक विचारायचंय. पण तू लगेच आईला सांगू नकोस."

अशी सुरुवात झाली की माझ्या पोटात गोळाच येतो. प्रकरण सुदैवाने साधं निघालं. स्वारी बारावी झालीये आणि इंजिनिअरिंगला लागलीये. आजीने दिलेले पैसे, शिवाय सुट्टीत ओळखीच्या एका दुकानात हिशेबाच्या नोंदी करून मिळवलेले, असे मिळून त्याच्याकडे अडतीस हजार जमलेत. आणि आता प्रश्न असा की हातात धरून खेळायचं गेमिंगचं यंत्र घ्यायचं, की साधा, स्वस्तातला लॅपटॉप? वहीत दोन रकाने आखून त्याने फायदे-तोटेही लिहून काढले होते. (हे मात्र आमच्या घराण्याचं. माझ्या वडिलांनी मिक्सर घेतानासुद्धा असेच रकाने आखले होते.)

फोन ठेवतो न ठेवतो तोच ताईचा फोन. "तुला विचारलं असेलच त्याने. जरा समजाव त्याला. तुझं ऐकतो."

आता गंमत बघा. उत्तर काय द्यायचं हे ताईने गृहीतच धरलं होतं. लॅपटॉप. त्यात विचारण्यासारखं काय आहे? एक अभ्यासाची वस्तू आणि एक खेळणं. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मीही तेच गृहीत धरलं होतं. मग मला २००८ साल आठवलं.

तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी सहा महिने न्यू जर्सीत होतो, एडिसनला. रोजच्या भत्त्यातून काटकसर करून चार पैसे बाजूला पडले होते आणि शनिवारी करायला काही नसायचं, म्हणून मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसता फिरायचो. तिथे एका बाजूला निन्टेंडो डीएस लाइट आणि सोनीचं पीएसपी मांडलेलं असायचं, आणि पलीकडच्या फळीवर आसूसचा तो इवलासा ई पीसी. पीएसपी साधारण १७० डॉलरला, डीएस १३० ला, आणि ई पीसी चारशेच्या घरात.

आजच्या मुलांना ई पीसी म्हणजे काय हे सांगावं लागेल. २००७ च्या अखेरीस तो आला तेव्हा लोक वेडे झाले होते. सात इंचाचा पडदा, ८०० बाय ४८० ठिपके, ५१२ एमबी मेमरी आणि साठवायला जागा फक्त ४ जीबी. तीही हार्डडिस्क नव्हे, फ्लॅश मेमरी. वर विंडोज नाही, लिनक्स. लॅपटॉप म्हणजे हजार डॉलरची वस्तू या समजुतीला त्याने धक्का दिला आणि मग बघता बघता प्रत्येक कंपनीने आपापलं 'नेटबुक' काढलं.

मला हवं होतं पीएसपी. अगदी मनापासून. लहानपणी साताऱ्याला आमच्या वाड्यात एकाच मुलाकडे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या घरी 'कॉन्ट्रा' खेळायला आमची रांग लागायची. माझा नंबर यायचा तोवर त्याच्या आईची झोपायची वेळ व्हायची. ते राहून गेलेलं होतं कुठेतरी. आणि आता खिशात स्वतःचे पैसे होते, आजूबाजूला विचारणारं कुणी नव्हतं.

तरीही मी लॅपटॉप घेतला. दुप्पट पैसे मोजून! का? तर म्हणे सर्टिफिकेशनचा अभ्यास करीन. प्रवासात वाचीन. घरी फोन करून आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस, उपयोगी पडेल." त्या एका शब्दासाठीच मी तो घेतला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

सर्टिफिकेशन? ते आजतागायत झालेलं नाही. :-)

आपल्या मध्यमवर्गीय घरांत 'उपयोगी' या शब्दाचा फार मोठा दरारा आहे. मजेसाठी म्हणून वस्तू आणली की ती आल्या दिवसापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते. म्हणून आपण तिला उपयोगाचा सदरा घालून घरात आणतो. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही बरं का. निन्टेंडोने २००५ मध्ये जपानमध्ये डीएससाठी मेंदूच्या व्यायामाचा खेळ काढला, र्‍युता कावाशिमा या मेंदूशास्त्रज्ञाच्या नावावर. पुढे तो अमेरिकेत 'ब्रेन एज' म्हणून आला आणि जगभर तुफान खपला. खेळण्याने अभ्यासाचा मुखवटा चढवला आणि ज्यांनी कधी गेमला हात लावला नव्हता अशा मोठ्या माणसांनीही डीएस घेतला. उलट त्या ई पीसीच्या नावातले तीन 'ई' म्हणजे शिकायला सोपं, कामाला सोपं आणि खेळायला सोपं! म्हणजे खेळणं म्हणतंय मी अभ्यास आहे, आणि अभ्यास म्हणतोय मी खेळणंही आहे. विकणाऱ्यांना आपली दुखरी नस बरोब्बर माहीत असते.

तर भाच्याला मी सरळ विचारलं, "तुला लॅपटॉप कशाला हवाय?"

"कॉलेजला लागेल. प्रोजेक्ट, रिपोर्ट वगैरे."

"आणि ते दुसरं?"

जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "मामा, खरं सांगू? लॅपटॉप घेतला ना, की तो घरातल्या सगळ्यांचा होतो. छोटी त्यावर शाळेचं करणार, बाबा लाइटबिल भरणार, आई रेल्वेची तिकिटं काढणार. मला तो मिळणार रात्री अकराला. गेमचं यंत्र घेतलं तर ते माझं राहील."

हे मी ऐकलं आणि गप्पच झालो. वहीतल्या त्या दोन रकान्यांत हे कुठेच नव्हतं. आपण समजतो निवड अभ्यास आणि खेळ यांच्यात आहे. त्याच्या लेखी ती होती 'सगळ्यांचं' आणि 'माझं' यांच्यात. दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला पहिल्या कमाईतून एक तरी वस्तू पूर्णपणे आपली हवी वाटली, तर त्यात चूक काय?

आता थोडं त्या वस्तूंबद्दल. त्याला हवं आहे ते 'स्टीम डेक', मित्राच्या भावाने परदेशातून आणलेलं, वापरलेलं, तीस हजारांना. हे यंत्र २०२२ मध्ये बाजारात आलं आणि भाच्याचा युक्तिवाद असा की "हा पण कॉम्प्युटरच आहे". खोटं नाही ते. आत लिनक्सच आहे, डेस्कटॉप मोडमध्ये गेलं की कीबोर्ड, माउस, मॉनिटर जोडून त्यावर रिपोर्टही लिहिता येतो. गंमत म्हणजे याचाही पडदा सात इंचाचा. आणि ज्या आसूसने २००७ मध्ये सात इंची लॅपटॉप काढला, त्याच आसूसने २०२३ मध्ये 'आरओजी अ‍ॅलाय' हे सात इंची गेमिंगचं यंत्र काढलं, विंडोज घालून. सोळा वर्षांत कीबोर्ड गेला आणि त्याच्या जागी बटणं आली, एवढंच म्हणायचं! पण कीबोर्ड, मॉनिटर आणि ते जोडायचा हब यांचा खर्च धरला की 'हा पण कॉम्प्युटरच' महागात पडतो, आणि तो उचलून वर्गात नेता येत नाही. तेव्हा त्या यंत्राला खेळण्याचंच यंत्र म्हणावं, उगाच त्याच्या गळ्यात अभ्यासाची पाटी अडकवू नये.

स्वस्त नव्या लॅपटॉपचंही मी कौतुक करणार नाही. सगळ्यात खालच्या किमतीत बरेचदा ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण मिळते, आणि दोन्ही बोर्डावरच पक्कं बसवलेलं, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. त्यावर विंडोज आणि त्याचे अपडेट एवढं बसलं की स्वतःच्या फायलींना जागा शोधावी लागते. त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षं वापरून निघालेले लॅपटॉप परवडतात. दिसायला काळे ठोकळे, पण कीबोर्ड दणकट, आणि अनेकांत मेमरी बदलता येते. एकच पथ्य. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच बघावा. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. बॅटरी किती उरलीये हे दुकानात उभं राहूनच तपासावं. आणि विंडोजवाचून अडत नसेल तर लिनक्स आहेच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी लॅपटॉपच्याच बाजूचा आहे, पण 'उपयोगी' म्हणून नाही. माझ्या त्या छोट्या लॅपटॉपचं काय झालं ते सांगतो. अभ्यास झाला नाही, वेब पानं उजवीकडे-डावीकडे सरकवून वाचावी लागायची (त्या काळच्या बऱ्याच सात इंचांवर हे होतं), दोन वर्षांत तो जुना झाला आणि २०१० नंतर टॅब्लेट आले, तशी नेटबुकं बाजारातूनही ओसरत गेली. पण त्याच चिमुकल्या कीबोर्डवर, एडिसनच्या खोलीत बाहेर बर्फ पडत असताना, ब्राउझरमधल्या 'गमभन'वर मी पहिल्यांदा मराठीत काहीतरी लिहिलं. साताऱ्याच्या वाड्याबद्दल होतं. लिहीन असं ठरवलं नव्हतं. कंटाळा आला होता आणि समोर रिकामं पान होतं, बस. पीएसपी घेतलं असतं तर खेळलो असतो, आणि सुखात खेळलो असतो. त्याने जे द्यायचं कबूल केलं होतं ते सगळं दिलं असतं. पण जे कबूल केलेलं नव्हतं ते मला लॅपटॉपने दिलं. म्हणून ज्या घरात एकही धड संगणक नाही, तिथे आधी संगणक यावा.

पण, आणि हा 'पण' मी ताईला फोन करून सांगितला, संगणक जर घराला हवा असेल तर पैसे घरानेही घालावेत. अठरा वर्षांच्या पोराची पहिली कमाई 'अभ्यासासाठी' म्हणून घ्यायची, त्यातून घरची गरज भागवायची, आणि वर त्याला शहाणा मुलगा म्हणायचं, हे बरोबर नाही. ताई आधी चिडली. "तू त्याला समजावणार होतास की मला?" म्हणाली. मग तिने भावोजींना फोन दिला. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "अर्धे मी देतो."

तर चोवीस हजारांचा वापरलेला लॅपटॉप आला. बारा भाच्याचे, बारा घराचे. रात्री नऊनंतर तो फक्त त्याचा, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय म्हणे. त्याच्याकडे सव्वीस हजार उरले, त्या यंत्राला अजून चार कमी पडतात. ते मी द्यायला निघालो होतो.

"नको मामा," तो म्हणाला, "मग ते तुझंपण होईल."

पुन्हा त्या दुकानात जायला लागलाय. दिवाळीपर्यंत जमतील, असा त्याचा हिशेब आहे. यावेळी ताईने काहीही म्हटलेलं नाही.