सनरूफच्या रबराची निगा

हल्ली पुष्कळ गाड्यांच्या टपाला सरकती काच असते. मुलांना तिच्यातून डोके बाहेर काढायची भारी हौस! (ते मात्र चालत्या गाडीत मुळीच करू देऊ नये, अचानक ब्रेक लागला तर जिवावर बेतते.) काचेभोवतीच्या रबराकडे मात्र टपाच्या आतले कापड भिजून कुबट वास येईपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही.

मृग लागण्यापूर्वी काच पूर्ण उघडून धूळ, पालापाचोळा मऊ ब्रशने झाडावा. साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने रबर पुसून सावलीत सुकू द्यावे. मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. घरात आहे म्हणून व्हॅसलीन किंवा रॉकेल लावू नये, रबर फुगून सैल पडते. खोबरेल तेलाला धूळ चिकटते.

आणि बरं का, थोडे पाणी रबरातून झिरपतेच. ते आतल्या पन्हळीतून कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे खाली जाते. नळ्या तुंबतात आणि बोल लागतो बिचाऱ्या रबराला! प्रत्येक कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओतून पाहावे. गाडीखाली ठिबकले की नळी मोकळी. नाही ठिबकले तर तार खुपसू नका, नळी आतल्या आत निसटते. सरळ मेकॅनिककडे न्या.