मांजर 'कशानं तरी' मरत नाही



भातकापणी उरकली, पेंढ्याची उडवी रचून झाली, आता कणगीभोवती उंदरांची वर्दळ सुरू. दरवर्षी या दिवसांत मी उंदीर नियंत्रणावर लिहितो. यंदा आधी मांजराबद्दल लिहितोय, कारण दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेत.

आमच्या पट्ट्यात, बेगडेवाडीपासून घोरावाडी, तळेगावपर्यंत, गोठा तिथं मांजर असतंच. त्याला कुणी विकत आणत नाही, त्याचा विमा नसतो, त्याच्या कानात बिल्ला नसतो. आणि मेलं की सगळ्यांचं एकच वाक्य, "कशानं तरी मेलं." गाय मेली तर असं म्हणतो का आपण? माझं स्पष्ट मत आहे, मांजर 'कशानं तरी' मरत नाही. पुष्कळदा ते आपल्या हातानं मरतं आणि उरलेल्या वेळी आपण बघत नाही म्हणून मरतं.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. दोन वर्षांपूर्वी गाईंना गोचिडाचं औषध फवारत होतो, डेल्टामेथ्रिनचं. भाटीच्या मानेवर पिसवा दिसल्या. पंप हातातच होता, मारले दोन फवारे. संध्याकाळी तिचे कान फडफडायला लागले, तोंडातून लाळ, मागचे पाय लटपटायला लागले, मग झटके. आई म्हणाली, "किरडू चावलं असंल." मी चमच्यानं दूध पाजत बसलो. पहाटेपर्यंत संपली. नंतर डॉक्टरांनी समजावलं. या गटातली औषधं गाईचं यकृत मोडून काढतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. त्यात मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे केसांवर पडलेलं सगळं पोटात. कुत्र्यासाठीच्या पर्मेथ्रिनच्या औषधाचंही तेच, उलट मांजराला ते जास्तच घातक. असं झालंच तर भांडी घासायचा साधा साबण आणि कोमट पाण्यानं अंग धुवा, पुसून उबेत ठेवा आणि दवाखाना गाठा. झटके येत असताना तोंडात दूध-तेल काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

दुसरी चूक घरोघरी होते. मांजर कण्हतंय, अंग गरम लागतंय, म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी. आपल्याला पाचशेची गोळी काहीच वाटत नाही, मांजराचा जीव घ्यायला ती एक पुरते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. यावर उतारा आहे, पण तो दवाखान्यात आणि वेळेत गेलात तरच.

तिसरी गोष्ट उंदराचं औषध. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात मिसळलं की विषारी वायू तयार होतो. काही तासांत उलट्या, धाप, तडफड. त्याला उतारा नाही. मांजर उलटी करत असेल तर बंद खोलीत बसू नका, गाडीनं नेताना काचा उघड्या ठेवा, तो वायू माणसालाही बाधतो. ब्रोमाडिओलोनची तऱ्हा उलटी, ते रक्त गोठू देत नाही. मांजरानं आज मेलेला किंवा पेंगुळलेला उंदीर खाल्ला तर लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून किंवा शेपटीखाली रक्त, मलूलपणा. तोवर आपण आमिष कुठं ठेवलं होतं तेही विसरलेलो असतो. यावर व्हिटॅमिन के-१ चालतं, पण काही आठवडे नेमानं द्यावं लागतं. मध्येच सोडलं की परत रक्त सुटतं.

आता बघण्याबद्दल. गाय आजारी आहे हे आपल्याला कोण सांगतं? रवंथ थांबलं, नाकपुडी कोरडी पडली, शेण बदललं, की लांबूनच कळतं. मांजर मात्र दुखणं लपवतं. ते स्वतः शिकार करतं, पण कुत्र्या-कोल्ह्यांची शिकारही होतं. अशक्त दिसलं की संपलं, हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून ते ओरडत नाही, उडवीमागं जाऊन बसतं. नेहमीच्या जागी दिसलं नाही, चोवीस तास खाल्लं नाही, अंग चाटणं सोडलं, केस राठ झाले, तर ते आजारी आहे असंच धरा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून कावीळ होऊ शकते, धष्टपुष्ट मांजराला तर जास्तच. आणि कुत्रा धापा टाकतो तसं तोंड उघडून मांजर श्वास घेत असेल तर उद्यावर ढकलू नका.

बोक्याचं एक दुखणं मुद्दाम सांगतो. शेजारच्या वहिनी परवा म्हणाल्या, "भाऊजी, बोका सारखा कुंथतोय, एरंडेल देऊ का?" मी म्हटलं, आधी माती बघा, ओली आहे का? माती कोरडी होती. बद्धकोष्ठ नव्हतं ते, लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी अरुंद, त्यात खडे किंवा चिकट खर अडकते. पूर्ण अडलं तर एक-दोन दिवसांत विष रक्तात भिनून बोका जातो. डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली. आज तो बोका पुन्हा कौलांवर आहे. एरंडेल पाजून दोन दिवस वाट पाहिली असती तर नसता.

पिल्लांचंही तसंच. एका गोठ्यात वेतामागून वेत मरतं, आणि आपण म्हणतो भाटीला दृष्ट लागली. ताप, उलट्या, जुलाब, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणं, ही बहुतेक वेळा विषाणूची लक्षणं असतात, कुत्र्यांच्या पार्व्होचा भाऊबंदच तो. तो जागेत वर्षभर टिकू शकतो. जुनं गोणपाट जाळा, जागा बदला. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की लस मिळते. त्याच फेरीत रेबीजचंही विचारा. शांत मांजर अचानक अंगावर यायला लागलं, चावलं, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि माणसाची लस त्याच दिवशी सुरू करा. तिथं घरगुती उपाय चालत नाही.

देहू जवळ, त्यामुळं इकडं माळकरी घरं पुष्कळ. माझंही त्यातलंच. पण मांजराला माळ नसते. त्याला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं, नुसत्या दूध-भाकरीत पुरेसं नसतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही जातं. उंदीर खाणारं मांजर तगतं. दारात बांधून दुधावर ठेवलेलं खंगतं.

काही जण म्हणतील, गाईच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, मांजराला कुठून आणू? रास्त आहे. पण वर लिहिलेलं निम्मं फुकटचं आहे. पंप त्याच्यावर धरू नका. गोळी देऊ नका. आमिष बिळात घालून तोंड बुजवा, सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मित्रांना माझी विनंती, उंदीर नियंत्रणाचं प्रात्यक्षिक घेता तेव्हा मात्रा सांगता, तसं हेही सांगा. राखणदार मारून राखण होत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा नसतो, आणि १९६२ हा नंबर फोनमध्ये असू द्या.

त्या भाटीनं माझी कणगी सहा वर्षं राखली. मी तिला 'कशानं तरी' मेली असं म्हणत नाही. माझ्या पंपानं मेली. तुमच्या गोठ्यात तसं होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

राम कृष्ण हरी.