झाकण मिटले, तरी संगणक जागाच!

कार्यालयातून निघताना लॅपटॉपचे झाकण मिटायचे, तो पिशवीत टाकायचा आणि गाडी पकडायची, हा शहरी नोकरदाराचा नित्यक्रम. घरी पोचल्यावर पिशवी तापलेली आणि बॅटरी रिकामी आढळली, की पहिला संशय बॅटरीवरच जातो. लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर मात्र आणखी एक संशयित तपासून पाहायला हवा. तो म्हणजे कडेच्या खाचेत विसरून राहिलेले, नखाएवढे मेमरी कार्ड.

हा प्रश्न आता केवळ संगणकतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबवले. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या, पण धडधाकट लॅपटॉपसाठी लिनक्स हा एक स्वाभाविक पर्याय आहे. अशा यंत्रांत जागा अपुरी पडते म्हणून कार्ड कायमचे खोचून ठेवण्याची सवयही अनेकांना असते. त्यामुळे कार्ड आणि निद्रावस्था यांचे हे वैर समजून घेणे अगत्याचे ठरते.

झोपेपूर्वीच्या तीन पायऱ्या

झाकण मिटताच संगणक झोपतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याआधी तीन कामे उरकतो. लिहायची राहिलेली माहिती डिस्कवर आणि कार्डावर पोचवणे, हे पहिले काम. चालू असलेले सर्व प्रोग्रॅम गोठवणे, हे दुसरे. प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला ‘आता थांब’ अशी आज्ञा देणे, हे तिसरे. यांपैकी कुठल्याही पायरीवर एकट्या कार्डाने अडवणूक केली, तरी सारी प्रक्रिया रखडते.

कार्ड संथ किंवा सदोष असेल, तर पहिलीच पायरी लांबते. कार्डाच्या उत्तराची वाट पाहत अडकलेला प्रोग्रॅम गोठत नाही. कर्नल त्यासाठी साधारणपणे २० सेकंद थांबतो आणि मग झोपेचा बेत रद्द करतो. तिसऱ्या पायरीवर कार्डाने वेळेत प्रतिसाद दिला नाही, तर नोंदींमध्ये ‘उणे ११०’ हा त्रुटी-क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ मुदत संपली. एका उपकरणाने नकार दिला, की आधी थांबवलेली बाकीची उपकरणेही पुन्हा जागी केली जातात. झाकण मिटलेलेच असते; आत मात्र संगणक पूर्ण जागा असतो.

आणखी एक प्रकार फसवा असतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये पूर्वीची गाढ निद्रा उरलेली नसून, तिची जागा हलक्या निद्रेने घेतली आहे. येथे कार्ड रीडरने वीज वाचवण्याची अवस्था स्वीकारली नाही, तर प्रोसेसरही सर्वांत खोल विश्रांतीत जाऊ शकत नाही. पडदा काळा होतो, बॅटरी मात्र झिरपत राहते.

सावधगिरीची किंमत

हा सारा निव्वळ बेपर्वाईचा परिणाम मानणे मात्र अन्यायाचे होईल. डिस्क यंत्राच्या पोटात असते. कार्ड झोपेत कोणीही काढू शकतो. जाग आल्यावर खाचेतले कार्ड तेच आहे, याची खात्री काय? पूर्वी कर्नल सुरक्षित मार्ग पत्करत असे. झोपताना कार्ड काढून घेतले असे तो समजे आणि उठल्यावर ते नव्याने आले असे मानी. परिणामी त्यावरील उघड्या फायलींचा आधारच तुटे. २००७ मध्ये याला पर्याय आला. त्याच्या नावातच ‘अनसेफ’, म्हणजे असुरक्षित, हा शब्द होता. पुढे तीच पद्धत रूढ झाली.

कार्डाचा ओळखक्रमांक पडताळून कार्डाची अदलाबदल पकडता येते. पण तेच कार्ड मधल्या वेळात कॅमेऱ्यात घालून त्यावर छायाचित्रे टिपली आणि परत खोचले, तर ओळख जुळते, मजकूर जुळत नाही. जुन्या स्मरणावर विसंबून संगणक त्यावर लिहू लागला, तर छायाचित्रांचा बळी जाऊ शकतो. यूएसबी रीडरमध्ये तर धोका अधिक, कारण तेथे पडताळणी रीडरची होते, आतल्या कार्डाची नव्हे. पिशवीतील उष्णतेपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

निदान कसे करावे?

सुरुवात सोपी आहे. कार्ड रीतसर ‘अनमाउंट’ करून बाहेर काढावे आणि झाकण मिटून पाहावे. झोप लागली, तर दुसऱ्या कंपनीचे कार्ड घालून तोच प्रयोग करावा. दुसरे कार्ड चालले, तर पहिले संशयित. दोन्ही अडली, तर रीडर किंवा त्याचा ड्रायव्हर. कार्ड काढूनही झोप लागली नाही, तर कारण बहुधा अन्यत्र असते. मात्र रिकामा रीडरही कधीकधी अडथळा ठरतो. नंतर कर्नलच्या नोंदींत झोपेच्या प्रयत्नाची वेळ शोधून कोणत्या उपकरणाने नकार दिला, ते वाचावे. कर्नलमध्ये यासाठी चाचणीची सोयही आहे. ती ठरावीक पायरीपर्यंत जाऊन ५ सेकंदांनी परत फिरते. त्यामुळे घोडे नेमके कुठे अडले, ते कळते.

तात्पुरता उपाय म्हणून झोपेपूर्वी रीडरचा ड्रायव्हर उतरवून उठल्यावर पुन्हा चढवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवता येते. मात्र कार्ड आधी अनमाउंट झालेच पाहिजे. रीडर वापरातच नसेल, तर अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो बंद करता येतो. कर्नलची नवी आवृत्ती घेऊन पाहणेही श्रेयस्कर, कारण ड्रायव्हरमधील दुरुस्त्या तेथेच येतात.

जबाबदारी कोणाची?

एसडी कार्ड १९९९ मध्ये जाहीर झाले. त्याचे संपूर्ण मानक आजही संघटनेच्या सभासदांपुरतेच आहे. इतरांना संक्षिप्त आवृत्तीवर भागवावे लागते. कार्डे मानकाशी प्रामाणिक राहतातच असेही नाही. नोव्हेंबर २०१९ च्या उत्पादनातील काही मायक्रो एसडी कार्डे तात्पुरत्या स्मृतीतील माहिती कायम साठवण्याची आज्ञा कधीच पूर्ण करत नाहीत, असे आढळले. अखेर त्यांच्यासाठी कर्नलमध्ये खास अपवाद नोंदवावा लागला. अशा अपवादांची यादीच तेथे सांभाळली जाते. चूक उत्पादकाची आणि निस्तरणार ड्रायव्हर लिहिणारा, असा हा व्यवहार आहे.

ही यादी आपोआप वाढत नाही. कोणीतरी कार्ड बदलून पाहतो, नोंदी वाचतो आणि कर्नलच्या आवृत्तीसह तक्रार नोंदवतो, तेव्हा पुढच्या हजारोंचा त्रास वाचतो. तोवर एक साधी सवय पुरेशी आहे: झाकण मिटण्यापूर्वी कार्ड बाहेर काढावे.