खेड्यात म्हणे रहस्यकथा होत नाही!

"खेड्यात कसली आलीय रहस्यकथा? तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं!" हे आमच्या पुण्याच्या व्याह्यांचं मत. त्यांनी ते आमच्याच ओसरीवर बसून मांडलं. मी पोह्यांना फोडणी देत होते आणि पाहुण्याशी वाद घालायची आपली रीत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता सावकाश उत्तर लिहिते. विहीणबाई त्यांना वाचायला लावतीलच!

निमित्त झालं माझ्या भाचीनं पाठवलेल्या पुस्तकांचं. ती अमेरिकेत अ‍ॅरिझोनात असते. जे. ए. जान्स नावाच्या लेखिकेची जोआना ब्रॅडी ही तिकडची शेरीफ बाई. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, पण लोकांनी मतं देऊन निवडलेला. मालिकेची वीसेक पुस्तकं आहेत, पहिलं 'डेझर्ट हीट' १९९३ चं. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत होते. पहिल्या पुस्तकाला तीन आठवडे लागले, दुसऱ्याला दहा दिवस. यावरून काय ते ओळखा.

गोष्ट घडते कोचीस नावाच्या वाळवंटी जिल्ह्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून. बिस्बी हे जिल्ह्याचं गाव. तिथल्या तांब्याच्या मोठ्या खाणी १९७५ साली बंद पडल्या. सहज म्हणून क्षेत्रफळ ताडून पाहिलं, तर कोचीस जिल्हा सोळा हजार चौरस किलोमीटर आणि आपला नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार. म्हणजे जवळजवळ जुळे! फरक एवढाच की तिथं माणसं सव्वा लाख आणि आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत एकसष्ट लाख. एकट्या दिंडोरी तालुक्यात तीन लाखांवर. सव्वा लाखांच्या वाळवंटातून त्या बाई वीस पुस्तकं काढतात आणि आमच्या एकसष्ट लाखांत म्हणे रहस्यच नाही!

जान्सबाईंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६४ साली त्यांना विद्यापीठात कथालेखनाच्या वर्गात प्रवेश हवा होता. प्राध्यापकांनी नाकारला. कारण? बाई! मुलींनी शिक्षिका व्हावं, परिचारिका व्हावं, लेखन कसलं करायचं. पुढे त्यांचे पती मात्र त्याच वर्गात बसले. बाई खरोखरच शिक्षिका झाल्या, आदिवासी भागातल्या शाळेत पाच वर्षं ग्रंथपाल होत्या, मग विमा विकला आणि मग लिहायला बसल्या. त्यांची जोआनाही आधी विमा कचेरीतच काम करते. (आमच्या पेशातली बाई म्हणून मला जरा जास्तच कौतुक, हे मान्य.)

आता मुद्द्यावर येते. मालिका सुरू कशी होते? जोआनाचा नवरा शेरीफच्या हाताखालचा अधिकारी, निवडणुकीला उभा राहिलेला. त्याला गोळी लागते. अधिकारी म्हणतात, आत्महत्या. वर त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे. आणि ही बाई म्हणते, नाही. एवढंच. हा 'नाही' नसता तर पुढचं एकही पुस्तक झालं नसतं.

व्याही म्हणतात सगळ्यांना सगळं माहीत असतं. अहो, बरोबरच आहे! शहरातल्या रहस्यकथेत प्रश्न असतो, कोणी केलं? खेड्यातल्या रहस्यकथेत प्रश्न असतो, बोलणार कोण?

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव, गाव, साल काहीच सांगत नाही. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव भांडखोर. दहावी झाली आणि लग्न झालं. दोन वर्षांनी सासरच्या विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं ठरलं. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात नोकरीला होते, मला चार महिन्यांनी तिच्या मैत्रिणींकडून कळलं. त्या विहिरीवर मोटार बसवलेली होती. घरात नळ होता. तिथं पाणी शेंदायला कोणी जातच नसे. दोर कुठं होता? बादली कुठं होती? तेराव्याला जेवायला बसलेल्या प्रत्येकाला मोटार दिसत होती. रहस्यकथेत ज्याला धागा म्हणतात ना, तो सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होता. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली तर शवविच्छेदन आणि चौकशी काटेकोर व्हावी, असा कायदा आपल्याकडे आहे. पण कायद्याला आधी गावातून कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारं माणूस कोण?

मराठी रहस्यकथेनं हा प्रश्न घेतलाय, असं मला दिसत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. भूगोलाच्या पुस्तकात घालून आम्हीही त्या वाचल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर माझा आजही लोभ आहे. त्यांना हलकं साहित्य म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मराठी माणसाला वाचायची सवय लावण्यासाठी स्वतः काय केलं, ते एकदा सांगावं. पण झुंजार मोटारीतून हिंडणारा मुंबईचा माणूस. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास वकील, तोही शहरी. आणि पोलीस बाई हवी असेल तर पडद्यावर जायचं. तिथं 'मर्दानी' आहे, २०१४ चा, मुंबई क्राईम ब्रँचचा. मालिकेतली सून आयपीएस होते, पण तोवर तीनशे भाग सासूच्या स्वयंपाकघरात जातात! हिंदीवाल्यांनी २०२३ साली 'दहाड' केली. राजस्थानातल्या मंडावा गावची फौजदार बाई, दलित घरातली. बेपत्ता झालेल्या ज्या मुलींची तक्रार कोणी नीट नोंदवली नाही, त्यांचा ती माग काढते. वाळवंट, खेडं आणि बाई, तिन्ही गोष्टी आल्या. तेव्हा आमचे निर्माते कुठं होते?

खऱ्या आयुष्यात बायका कधीच्या पोहोचल्यात. २०२० साली मालेगावात करोनानं हाहाकार केला, तेव्हा नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक डॉ. आरती सिंह होत्या, शिक्षणानं डॉक्टर. अशा अधिकाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण अधीक्षक आज इथं, तर दोन वर्षांनी अमरावतीला. कोणाची भाऊबंदकी कोणाशी, कोणाचा बांध कोणी कोरला, हे कळेपर्यंत बदलीचा कागद येतो. जोआनाचं तसं नाही. ती ज्यांना बेड्या घालते, त्यांच्याच दुकानातून तिला उद्या साखर आणायची असते. माझ्या मते मालिकेची सगळी ताकद इथं आहे. पिस्तुलात नाही.

आणि असं माणूस आपल्याकडे आहे. पोलीस पाटील! १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यापासून चालत आलेलं हे पद. १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानंतर ते वंशपरंपरेचं राहिलं नाही. प्रांत नेमणूक करतात, उमेदवार त्याच गावचा लागतो, दहावी पास लागतो आणि जागांमध्ये महिलांना तीस टक्के आरक्षण आहे. मानधन साडेसहा हजार होतं, २०२४ मध्ये पंधरा हजार करायचा निर्णय झाला. गावात कोणी अचानक किंवा संशयास्पद मेलं, प्रेत सापडलं, तर पंच जमवून पाहणी करायची आणि वर कळवायचं, हे काम कायद्यानं तिच्याकडे आहे. बंदूक नाही, गाडी नाही. एक वही आणि फोन.

यावर लगेच उत्तर येतं, "अहो बाई, नावाला ती पाटील, कारभार सगळा नवरा बघतो." बघतही असेल काही ठिकाणी. मग तेच लिहा ना! नवऱ्याला जे नको आहे, त्या कागदावर ती पहिल्यांदा सही करते, तो दिवस लिहा. त्या घरात त्या रात्री भाकरी कोणी थापली, ते लिहा. झुंजारच्या पाठलागांपेक्षा मला ते वाचताना जास्त धडधडेल.

साहित्यही काही कमी नाही इथं. व्यापारी लाखोंची द्राक्षं उचलतो आणि रात्रीत गायब होतो. २०२० मध्ये महानिरीक्षक प्रताप दिघावकरांनी अशा फसवणुकीच्या तक्रारी मागवल्या, तेव्हा शेतकऱ्यांची रीघ लागली. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांची नावं कोणाच्या वहीत नीट नसतात. एखादा कमी झाला तर मोजणार कोण?

समजा, जानेवारीचा महिना. थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्यांचा धूर केलेला. पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन बंद झालंय, पाणी उतरलंय आणि गाळात एक मजूर बाई सापडलीय. पोलीस पाटील बाई पंच म्हणून दोघांना बोलावते. एक येतो. दुसरा तिचाच चुलत दीर, मुकादमाचा दोस्त. तो म्हणतो, "वहिनी, पाय घसरला असंल, लिहून टाका." आणि तिची नजर कालव्याच्या काठावर एकाला एक लावून ठेवलेल्या चपलांवर जाते.

इथून पुढचं कोणीतरी लिहा. द्राक्षांचं, आवर्तनाचं, टोळ्यांच्या उचलीचं काही अडलं तर दिंडोरीला या, मी सांगते.