राहिलेल्या कामाला चौथी सीट द्या

गणपतीला गावी गेलेली मंडळी परत येतात, तेव्हा नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ यांनी भरलेल्या पिशव्या दोन दिवस दारातच पडून असतात. धुण्याचा डोंगर वेगळाच. ऑफिसात टेबलावर त्याहून मोठा डोंगर. मग आपण ठरवतो, "आज उशिरापर्यंत बसून सगळं उरकून टाकतो."

हे तेवढं करू नका. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. रोजचे जाऊन-येऊन १३६. जलद लोकल मिळाली तरी दिवसाचे तीनेक तास गाडीतच जातात. अंबरनाथ, उल्हासनगरवाल्यांचं गणित फार वेगळं नाही. एक दिवस उशिरा बसलात की रोजची गाडी चुकते, झोप अपुरी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लेटमार्क. ढीग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

उपाय आपल्या डब्यातच आहे. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो कसा? आधी बसलेल्या तिघांना उठवत नाही. थोडं सरकायला सांगतो आणि कडेला टेकतो. राहिलेलं कामही तसंच बसवा. आजच्या कामाला त्याची जागा द्या आणि मागच्या कामाला रोज ठरलेला एक तास. त्याहून जास्त नाही, पण तेवढा चुकवायचाही नाही.

पहिल्या दिवशी फक्त निवड करा. ज्यांचं काम आपल्यामुळे अडलंय ते आधी, ज्याला तारीख आहे ते नंतर, बाकीचं बाजूला. मेल वाचताना सर्वांत नवी आधी उघडा. जुन्यातली बरीच प्रकरणं आपल्याशिवायच मिटलेली सापडतील. आपल्या मागे ज्यानं काम सांभाळलं, त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा. गावच्या खाऊची पहिली पुडी त्याच्याच टेबलावर ठेवा.

डाऊन करून, म्हणजे आधी उलट दिशेच्या गाडीनं बदलापूरला जाऊन, खिडकी पकडणाऱ्यांनी राहिलेल्या कामांची यादी गाडीतच करावी. दारात उभ्या असलेल्यांनी मोबाइल खिशातच ठेवावा. यादीपेक्षा जीव मोठा.

उल्हासनगरात दुकान किंवा शिलाईचं युनिट असेल, तर शटर उघडल्यावर आधी उधारीची वही आणि कबूल केलेल्या ऑर्डरी पाहा. माल उशिरा निघणार असेल तर गिऱ्हाइकाला आजच फोन करा. आपण आधी कळवलं तर तो सांभाळून घेतो. त्याला विचारावं लागलं तर चिडतो. अंबरनाथच्या कारखान्यात शिफ्टवर जाणाऱ्यांनी आधी बदललेल्या पाळ्यांचा तक्ता पाहावा.

घरीही हाच नियम. पहिल्या दिवशी मुलांचे गणवेश आणि डबे एवढंच मार्गी लावा. पिशव्या रोज एक रिकामी करा, आणि ते काम एकट्या बाईच्या माथी मारू नका. पुढच्या वेळी रविवारी रात्री न परतता शनिवारी या, आणि निघण्यापूर्वी पासाची तारीख बघा. सोमवारी सकाळी तिकीट खिडकीची रांग कुणाला हवी?

आठवडाभर कामाला असं कडेला बसवा. ठाण्याला कुणीतरी उतरतं आणि चौथ्याला ऐसपैस जागा मिळते, तसा एखाद्या संध्याकाळी मोकळा तास आपोआप हाती येईल.