टेम्पोलाही इतिहास असतो

१/ आज मराठीत कोणत्याही लहान मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात. मुळात हे विशेषनाम. हॅम्बुर्गच्या फिडाल कंपनीच्या गाड्या या नावाने विकल्या जात. तिच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’ उभी केली. तिची तीनचाकी गाडी इतकी रुजली की विशेषनामाचे सामान्यनाम झाले.

२/ ‘मॅटाडोर’ याच घराण्यातील. तिच्या इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. मागे जाणारा लांब शाफ्ट नसल्याने तळ सपाट आणि जमिनीलगत राहतो. या रचनेमुळे जर्मनीत तिच्या भावंडांची फिरती घरे झाली. आपल्याकडे त्याच तळावर दुधाचे कॅन, शाळेची मुले आणि लग्नाची वऱ्हाडे बसली.

३/ पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती मूर्तिकारांच्या हातांनी घडली, पण ती मुंबईपर्यंत पोहोचली चाकांवरून. रोहा तालुक्यातील कोलाड येथून कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेण्यास आरंभ केला. चालक आपल्या केबिनमध्येच बसत, तेथेच निजत. फिरते घर ही कल्पना या मुलखाला परकी नाही. तिला येथे कोणी पर्यटन म्हणत नसे, एवढेच.

४/ राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केंद्राने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील वाहने ‘व्हिंटेज’ ठरली. मात्र त्यांत केवळ दुचाकी आणि खासगी वापराच्या प्रवासी मोटारी. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते; त्याच काळातला, गावाचे पोट भरणारा टेम्पो भंगार ठरतो.

५/ यावर आक्षेप येतो : असे टेम्पो हजारोंनी बनले, त्यांचे कौतुक कसले? परंतु जे मुबलक असते, तेच कोणी जपत नाही, म्हणून तेच आधी नाहीसे होते. श्रीमंतांचे दागिने संग्रहालयात असतात, शेतकऱ्याचा नांगर चुलीत जातो. इतिहासाच्या अभ्यासकांना हा तोल परिचित आहे.

६/ म्हणून जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करून तिचे फिरते घर करणारा माणूस नकळत अभिलेखपाल असतो. कोकणचा पाऊस आणि खारा वारा तळाचा पत्रा खातात. सडलेला पत्रा कापावाच लागतो. पण कापण्यापूर्वी छायाचित्रे आणि मापे घ्यावीत. रंग सरसकट खरवडू नये. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले. खालच्या थरातून ‘जि. कुलाबा’ ही अक्षरे उमटली, तर ते दार म्हणजे तारीख सांगणारा लेखच होय. पलंग आणि ओटा बोल्टने बसवावेत, म्हणजे पुढे कोणाला ते काढता येतील. ज्याने ती वर्षानुवर्षे चालवली, त्या चालकाकडून फेऱ्या, भाडी आणि मुक्काम विचारून लिहून ठेवावेत.

७/ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगे फेरफार करता येत नाहीत. आधी परिवहन कार्यालयाची वाट धरावी लागते. रायगडचे ते कार्यालय पेणलाच आहे. तेथून मिळणारे कागद आणि जुने परवाने एकत्र ठेवावेत.

८/ गड-किल्ल्यांच्या जतनासाठी आग्रह धरणाऱ्या पिढीने पेण-रोह्याच्या गॅरेजांमागे गंजणाऱ्या सांगाड्यांकडेही पाहावे. किल्ल्यांना निदान पुरातत्त्व खात्याचा फलक तरी लाभतो. टेम्पोच्या वाट्याला वजनकाटा येतो.